घरी बांधलेल्या गाडीच्या चाकांचा हेलकावा कसा मोजावा?

बोर्ली पंचतनहून दिवेआगर, वडवली किंवा दिघीकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून वाडीत, सड्यावर किंवा डोंगराच्या कुशीतील वरकस जमिनीकडे वळणाऱ्या ज्या लाल मातीच्या वाटा आहेत, त्या चार महिन्यांच्या पावसात इतक्या वाहून जातात की आश्विनात तेथे बैलगाडीचीही पंचाईत व्हावी. आणि म्हणूनच जुन्या जीपचा चेसिस, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेले ॲक्सल आणि मागे नारळ-सुपारीची पोती मावतील एवढा हौदा अशी सामग्री एकत्र करून स्वतःची गाडी उभारण्याचा उद्योग या पट्ट्यात ज्यांनी आरंभला आहे, त्यांच्याकडून काही ठरावीक शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. खळग्यात गेल्यावर एक चाक हवेत राहते, हा दोष समजावा काय? परीक्षेसाठी उतरण किती अंशांची बांधावी? पाट्यांतील दोन-तीन पाती काढून गाडी मऊ केली तर चालेल काय? आणि अंगणात जागा नसल्यास हीच परीक्षा दिवेआगरच्या वाळूवर घेण्यास कोणाची हरकत आहे काय?

या सर्व शंकांच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की ज्या गाडीची चाके अधिक खाली-वर हलतात ती गाडी अधिक चांगली, आणि परीक्षा म्हणजे हा हेलकावा किती, त्याचा आकडा काढणे. मला ही समजूत घातक वाटते. कारखान्यात तयार झालेल्या गाडीत चाक किती वर जाईल व किती खाली उतरेल याच्या दोन्ही सीमा अभियंत्याने आखून दिलेल्या असतात. घरी बांधलेल्या गाडीत त्या सीमा कोणीच आखलेल्या नसतात, आणि मग ब्रेकची नळी, प्रोपेलर शाफ्टचा सांधा किंवा मडगार्डची कड यांपैकी जे प्रथम ताणले अथवा चेपले जाईल तेच सीमा होऊन बसते. परीक्षेचा खरा हेतू ती सीमा शोधून काढणे आणि तिच्या अलीकडे आपण स्वतः, जाणीवपूर्वक, दुसरी सुरक्षित सीमा घालणे हा आहे. आकडा त्यानंतर येतो, आणि नाही आला तरी फारसे अडत नाही.

प्रथम वाट मोजावी, मग गाडी

ज्या वाटेवर गाडी चालवावयाची आहे तेथे टेप, एक सरळ बांबू आणि गवंड्याची पाणसळ घेऊन जावे. गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतराएवढ्या लांबीत डावी बाजू उजवीपेक्षा किती खोल जाते, आणि लगेच पुढे उलट बाजू किती खोल जाते, हे दोन-तीन वाईट ठिकाणी मोजून लिहून ठेवावे. ओढ्याच्या उतारावरील मोठे धोंडे आणि सड्यावरील कातळाच्या पायऱ्या यांची उंचीही टिपावी. आपल्या वाटेवरील सर्वांत वाईट खळगा दहा इंचांचा निघाला, तर त्यापेक्षा थोडा अधिक हेलकावा मिळाला म्हणजे काम झाले. वीस इंचांचा हव्यास धरण्याचे कारण उरत नाही. चाक एखाद्या वेळी जमिनीवरून उचलले जाणे हा स्वतःपुरता दोष नव्हे. उचललेले चाक फिरत राहिल्याने गाडी जागीच अडते काय, किंवा ते परत आदळते तेव्हा गाडीचा तोल जातो काय, हे पाहावयाचे असते.

आपल्या गाडीची जातही येथे ध्यानात घ्यावी लागते. जुन्या महिंद्र जीपला आणि मारुती जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल व पाटे असतात. अशा ॲक्सलचे एक टोक वर दाबले की दुसरे टोक आपोआप खाली कलते, आणि हा गुण खडबडीत वाटेवर उपकारक ठरतो. बोलेरोचा किंवा २०१० सालच्या थारचा पुढचा भाग घेतला असेल तर तेथील प्रत्येक चाक स्वतंत्र हलते, त्याचा प्रवास स्वभावतःच आखूड असतो, आणि तो ओढून-ताणून वाढवू गेल्यास शाफ्टचे सांधे प्रथम बळी पडतात. तेव्हा जिप्सीच्या मापाने बोलेरोची पुढची बाजू जोखू नये.

जागा आणि सामान

परीक्षा सपाट व टणक जागेवर घ्यावी. सिमेंटचा कोबा असल्यास उत्तम. नसल्यास भात झोडून रिकामे झालेले, चांगले चोपलेले खळे चालेल, मात्र जमीन पूर्ण वाळलेली असावी, कारण ओल्या लाल मातीत जॅक कललेला कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. जवळ पुढील वस्तू असाव्यात:

- दोन टनांहून अधिक क्षमतेचा चांगला जॅक, आणि त्याच्या बुडाखाली घालण्यास जाड लोखंडी पत्रा किंवा फळी;
- चेसिस पेलतील अशा चार घोड्या;
- कठीण लाकडाचे, सुमारे चार इंच जाडीचे सारखे ठोकळे, एकावर एक आडवे-उभे रचता येतील इतके;
- टेप, ओळंबा, खडू, पाणसळ, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या, वही;
- शॉकॲब्सॉर्बर काढण्यापुरते पाने आणि हाताशी एक माणूस, ज्याचे काम फक्त पाहणे व थांबवणे एवढेच असेल.

येथे आपल्या मुलखापुरती एक ताकीद देतो. जांभ्याचा चिरा हा आपल्याला घरच्याएवढा विश्वासू वाटतो, गडगा त्याचा, जोते त्याचे, विहीर त्याची. परंतु भिंतीत चहूबाजूंनी दाबलेला चिरा आणि गाडीच्या एका टोकाचा भार एकाच बिंदूवर घेणारा सुटा चिरा यांत फार अंतर आहे. जांभा सच्छिद्र असतो, कडेने खचतो, आणि खचताना आवाज करीत नाही. गाडीखाली आधार म्हणून चिरा किंवा सिमेंटची पोकळ वीट कधीही लावू नये, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये.

पहिली परीक्षा : डोळ्यांची आणि हातांची

काही उचलण्यापूर्वी गाडी जशी उभी आहे तशी तपासावी. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने पेटीसारख्या बंद चेसिसचे पोट आतून खाल्लेले असते आणि वरून रंग शाबूत दिसतो. लहान हातोडीने ठोकत जावे, जेथे आवाज टणत्काराऐवजी बद्द येईल तेथे पत्रा पातळ झाला असे समजावे. पाट्यांचे कान, शॅकलच्या पट्ट्या, शॉकॲब्सॉर्बरचे आधार आणि घरी केलेले प्रत्येक वेल्डिंग यांवर तडे शोधण्याची एक जुनी, बिनखर्ची रीत आहे: सांधा स्वच्छ घासून त्यावर रॉकेल किंवा तत्सम पातळ तेल फिरवावे, काही वेळाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे, आणि वर खडूची पूड चोळावी, तडा असल्यास आत मुरलेले तेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. यू-बोल्ट एकदा ताणून कसलेले असतील तर पुन्हा वापरू नयेत, नवे घ्यावेत. सेंटर बोल्ट तुटलेला असल्यास ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि पुढील एकही माप खरे येत नाही.

त्यानंतर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर ओळंबा लावून मोजावे. गाडीत डिझेल, जादा चाक आणि नेहमी असतो तेवढा भार असावा, टायरांतील हवा चारही बाजूंस सारखी असावी. ही चार मापे म्हणजे आपला शून्य बिंदू. पुढील प्रत्येक माप यांच्याशी ताडून पाहावयाचे.

दुसरी परीक्षा : ॲक्सल दोन्ही सीमांपर्यंत नेणे

सर्वांत मोलाची परीक्षा हीच, आणि नेमकी हीच टाळली जाते, कारण तिच्यात देखावा काही नाही व श्रम पुष्कळ आहेत. एका वेळी एकच ॲक्सल घ्यावा. चेसिस घोड्यांवर घेऊन चाके मोकळी करावीत, शॉकॲब्सॉर्बर काढून ठेवावेत, आणि पाट्याच्या गाडीत मुख्य पाते ठेवून बाकीची पाती उतरवावीत, मात्र त्यांच्या एकत्रित जाडीइतका ठोकळा मध्ये घालावा, म्हणजे ॲक्सलची मूळ जागा बदलणार नाही. गुंडाळी स्प्रिंग असल्यास ती संपूर्ण काढावी. दाबलेली स्प्रिंग दोरीने किंवा घरगुती कड्यांनी बांधून ठेवण्याचे साहस मात्र करू नये, तिच्यात साठलेला जोर माणसाचा जीव घेण्याइतका असतो. चाके परत चढवावीत. आता स्प्रिंगचा विरोध जवळजवळ उरला नसल्याने साध्या जॅकने ॲक्सलचे एक टोक वर नेता येते आणि दुसरे खाली सोडता येते. एकेक इंच न्यावे, थांबावे, पाहावे, लिहावे.

वर जाताना पाहावयाचे ते असे: रबरी बंप स्टॉप सर्वांआधी टेकला पाहिजे. त्याच्याआधी टायर मडगार्डला, ॲक्सल इंजिनच्या तेलपात्राला, किंवा प्रोपेलर शाफ्ट एखाद्या आडव्या पट्टीला लागत असेल, तर बंप स्टॉप खाली आणावा लागेल. या स्थितीत शॉकॲब्सॉर्बरच्या दोन बोल्टांमधील अंतर मोजावे. आपण जो शॉकॲब्सॉर्बर लावणार त्याची पूर्ण दाबलेली लांबी या अंतरापेक्षा निदान अर्धा ते एक इंच कमी असली पाहिजे, नाहीतर बंप स्टॉपचे काम शॉकॲब्सॉर्बर करू लागतो आणि त्याचा आधार चेसिसपासून उखडतो.

खाली उतरताना धोके अधिक आहेत:

1. ब्रेकची रबरी नळी. चाक पूर्ण खाली असताना स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. प्रत्येक स्थितीत नळीला थोडी ढील राहिलीच पाहिजे. ताठ झालेली नळी म्हणजे सीमा ओलांडली असे समजावे. हाताच्या ब्रेकची तारही याच वेळी पाहावी.
2. प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा. सपाटीवर असताना त्यावर खडूची रेघ मारावी. ॲक्सल खाली गेल्यावर रेघ किती सरकली ते पाहावे. आतील दाते जेमतेम अडकलेले उरले, तर वाटेत भार पडताच शाफ्ट सुटून जमिनीत रुतू शकतो.
3. क्रॉस. गिअर मोकळा ठेवून शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवावा. एखाद्या ठिकाणी अडत असेल तर तेवढा कोन त्या सांध्याला पेलवत नाही. इंजिनच्या जोराने तो मोडेलच.
4. शॅकल. पाटा पूर्ण उतरल्यावर शॅकल उलटी फिरून अडकता कामा नये. अडकली तर गाडी परत बसताना पाटा वाकतो किंवा कान फाटतो.
5. स्टिअरिंगचा दांडा. ॲक्सल खाली-वर होत असता स्टिअरिंगचे चाक आपोआप किती फिरते ते साथीदाराने पाहावे. थोडे फिरणे पाट्याच्या गाडीत अटळ आहे. फार फिरत असेल तर दांड्याचा तिरकेपणा अधिक आहे, आणि खळग्यात गाडी चालकाला न विचारता वळेल.

या पाचांपैकी जे प्रथम अडेल त्याच्या निदान एक इंच अलीकडे ॲक्सलला थांबवण्याची तजवीज करावी. त्यासाठी चेसिस व ॲक्सल यांना जोडणारा मजबूत पट्टा किंवा साखळी लावतात. पट्टा बरा, कारण तो शेवटी थोडा ताणतो व धक्का खातो. पूर्ण उतरलेल्या स्थितीतील शॉकॲब्सॉर्बरचे अंतरही टिपावे. वरचे व खालचे अशी ही दोन मापे हाती असल्याशिवाय शॉकॲब्सॉर्बर विकत घेऊ नये; दुकानदाराला गाडीचे नाव सांगून आणलेला शॉकॲब्सॉर्बर त्या नावाच्या मूळ गाडीसाठी असतो, आपण बांधलेल्या गाडीसाठी नव्हे.

तिसरी परीक्षा : तिरप्या दोन चाकांवर

सर्व पाती, स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बर परत बसवून, यू-बोल्ट कसून, गाडी आपल्या भारानिशी जमिनीवर आणावी. नंतर पुढचे डावे व मागचे उजवे चाक जॅकने उचलून त्यांखाली ठोकळे रचावेत, चार-चार इंचांनी. उरलेल्या दोन चाकांना पुढून-मागून अडसर लावलेले असावेत, गाडी गिअरमध्ये व हाताचा ब्रेक ओढलेला असावा. प्रत्येक थराला जमिनीवरील दोन्ही चाकांखालून कागदाची पट्टी ओढून पाहावी. पट्टी घट्ट असेतो त्या चाकावर भार आहे, ती सहज निघू लागली की चाक नावापुरते टेकले आहे. ज्या उंचीला पहिली पट्टी सुटते ती आपल्या गाडीची खरी मर्यादा. वाटेवर मोजलेल्या खळग्याशी ती ताडून पाहावी. मग हीच परीक्षा उलट तिरप्या जोडीवर करावी. दोन बाजूंत लक्षणीय फरक आढळल्यास एखादे पाते थकले आहे, चेसिस पिळला आहे, किंवा बुश जाम झाले आहे.

ही परीक्षा एकदा रिकाम्या हौद्याने आणि एकदा भरल्या हौद्याने घ्यावी. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते, तेव्हा भाराचा हिशेब ठेवणे सोपे जाते. रिकाम्या गाडीचे मागचे पाटे ताठ राहून चाक लवकर उचलले जाते, व भरल्यावर तीच गाडी निमूट जमिनीला धरून चालते, असा अनुभव बहुतेकांना येईल. या फरकावर पाती कमी करणे हा उतारा नव्हे. पाती कमी केलेला पाटा भाराखाली बसतो, बंप स्टॉपवर आपटत राहतो आणि अखेर मुख्य पात्यातच तुटतो. पात्यांमधील गंज काढणे, त्यांना ग्रीस देणे, थकलेले बुश बदलणे आणि अँटी-रोल बार असल्यास मंदगतीच्या अवघड वाटेपुरता तो सोडवता येईल अशी जोडणी करणे, हे चार उपाय आधी करून पाहावेत.

उतरणीचा आकडा ज्यांना हवाच असेल त्यांच्यासाठी

परदेशी मासिकांतून हेलकाव्याचा जो निर्देशांक छापला जातो तो असा काढतात: वीस अंशांच्या उतरणीवर पुढचे एकच चाक चढवत न्यायचे, इतर तीन चाकांपैकी कोणतेही एक उचलले जाईपर्यंत, बहुधा त्याच बाजूचे मागचे चाक प्रथम सुटते. उतरणीवर जेवढे अंतर चढून गेले त्याला पुढच्या-मागच्या चाकांतील अंतराने भागून हजाराने गुणायचे. काही ठिकाणी उतरण तेवीस किंवा तीस अंशांचीही असते, आणि वाचकांचा गोंधळ येथेच होतो, कारण एकाच गाडीचे आकडे उतरणीनुसार बदलतात.

उतरण न बांधताही अजमास काढता येतो. फक्त पुढचे एक चाक ठोकळ्यांवर उचलत न्यावे, मागच्या त्याच बाजूच्या चाकाखालची कागदी पट्टी सुटेपर्यंत, आणि उंची मोजावी. वीस अंशांसाठी त्या उंचीला २.९२ ने, तेवीस अंशांसाठी २.५६ ने, तीस अंशांसाठी २ ने गुणले की उतरणीवरील अंतर मिळते. जिप्सीच्या चेसिसवर, जेथे चाकांतील अंतर २३७५ मिलिमीटर आहे, चाक ४०० मिलिमीटर उचलले असे धरू; तर तीन उतरणींवर निर्देशांक अनुक्रमे सुमारे ४९२, ४३१ आणि ३३७ येतो. तेच ४०० मिलिमीटर बोलेरोच्या चाकांतील २६८० मिलिमीटर अंतरावर वीस अंशांना ४३६ ठरतात. प्रत्यक्ष उतरणीवर गाडी मागे कलते व भार मागे जातो, म्हणून या अजमासात व प्रत्यक्षात थोडे अंतर पडेल. आपल्याच गाडीची आज आणि बदल केल्यानंतर तुलना करण्यास तो पुरेसा आहे. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करावयाची तर उतरण किती अंशांची आणि गाडीच्या चाकांतील अंतर किती, हे आधी विचारावे.

लोखंडी उतरण बांधण्याचा आग्रहच असेल तर ती लांब बांधू नये. तीन मीटरांची वीस अंशांची उतरण टोकाशी एक मीटरहून उंच होते, आणि तेथून घसरलेली गाडी आडवी होते. आसनाचा पट्टा बांधल्याशिवाय आत बसू नये, काच उघडी ठेवून हात बाहेर काढू नये, आणि उतरण असलेल्या बाजूस कोणासही उभे राहू देऊ नये.

हेलकाव्याची किंमत

हेलकावा वाढवण्यासाठी लांब शॅकल, उंच स्प्रिंग व मोठे टायर लावले की गाडीचा भारमध्य वर जातो. मऊ स्प्रिंगने ती वळणावर अधिक झुकते. आपल्याकडील वाटा एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस दरी अशा आडव्या उताराच्या आहेत, आणि तेथे खळग्यात एक चाक हवेत राहणारी पण ठेंगणी गाडी ही चारही चाके टेकवणाऱ्या उंच गाडीपेक्षा किती तरी सुरक्षित असते. शेखाडीच्या बाजूने समुद्राला लागून गेलेल्या घाटरस्त्यावर भरल्या हौद्याची उंच गाडी नेण्याचा विचारही मला भयावह वाटतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर भरलेल्या गाडीचे आडव्या उतारावरील वर्तन अगदी मंद गतीने, साथीदार वरच्या बाजूस ठेवून पाहावे, आणि वरचे चाक हलके होताच तेथून परतावे.

किनारा, रस्ता आणि कायदा

दिवेआगरच्या वाळूवर परीक्षा घेऊ नये. तेथील, तसेच हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश आहे, आणि वाळूखालचे घरटे चालकाला दिसत नाही. वाळूच्या टेकड्यांचे स्वरूप बदलणे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने निषिद्ध आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या. जे काही पुन्हा उभे राहत आहे त्यावर चाके फिरवण्याचा अधिकार आपणांस नाही.

रस्त्याबाबतची स्थिती स्पष्टपणे समजून घ्यावी:

- मूळ नोंदणी असलेली गाडी बदलली असल्यास. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा, उत्पादकाच्या मूळ रचनेहून भिन्न बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितले. बेकायदा बदलाबद्दल कलम १८२-अ खाली मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- गाडी संपूर्ण घरी बांधलेली असल्यास. कलम ३९ अन्वये नोंदणीविना गाडी सार्वजनिक अथवा अन्य कोणत्याही जागी चालवता येत नाही. जुगाड नावाने ओळखली जाणारी गाडीही कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. ज्या वाळूवर वा वाटेवर लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच ठरते, आणि तेथे कलम १४६ अन्वये त्रयस्थाचा विमाही अनिवार्य आहे.
- खाजगी आवारात. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन व्याख्येतून वगळले आहे. पण ही सवलत अरुंद आहे, आणि मोकळ्या वाडीस ती लागू होईलच असे गृहीत धरू नये. वर सांगितलेल्या तिन्ही परीक्षा उभ्या गाडीवर होतात, चालवण्याचा प्रश्नच येत नाही, हा त्यांचा आणखी एक लाभ.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून, लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली, ती डिसेंबर २०२१ मध्ये सर्वत्र गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी लोहार यांच्या कल्पकतेचा मनापासून गौरव केला, आणि त्याचबरोबर ती गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील हेही सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. आपल्यापैकी प्रत्येकास असा आधार लाभणार नाही, म्हणून चेसिस कापण्यापूर्वीच पेण येथील परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून कोणता बदल मंजूर होईल ते विचारावे, आणि उत्तर लेखीच घ्यावे. कलम ५२ खालील आदेश आपणांस अमान्य असल्यास कलम ५७ अन्वये तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करण्याचा आपला हक्क आहे. घरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील तर त्यांना बाहा एसएई इंडिया या स्पर्धेची माहिती द्यावी. २००७ पासून महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन तेथे उतरतात, आणि तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणासही गाडी धावपट्टीवर नेता येत नाही.

सुटे भाग घेताना

यू-बोल्ट, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या आणि पाटे यांची पक्की पावती घ्यावी, तिच्यावर भागाचा क्रमांक व माप लिहून घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला भाग सदोष निघाला तर हातात काही उरत नाही. पावती असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक सल्ला मिळतो. तक्रारीसोबत तुटलेला भाग जपून ठेवावा, त्याची छायाचित्रे घ्यावीत, आणि वर सांगितलेल्या मापांची वही जोडावी. दुकानदार हमखास असे म्हणेल की गाडी घरी बांधलेली, भाग चुकीच्या ठिकाणी लावला. ॲक्सलच्या दोन्ही सीमांना शॉकॲब्सॉर्बरची लांबी किती होती हे तारखेनिशी लिहिलेले असेल, तर त्या म्हणण्यास उत्तर देता येईल. भंगारातून घेतलेल्या ॲक्सलबाबतही विक्रेत्याचे नाव, तारीख व मूळ गाडीचा चेसिस क्रमांक पावतीवर मागून घ्यावा; तो द्यावयास जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडील ॲक्सल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.